नव्या माशाचा पहिला घास

पश्चिम रेल्वेने सुरतेहून उत्तरेकडे निघाले, की तापी ओलांडल्यावर उत्राण आणि त्यामागोमाग कोसाड लागते. येथून खंबायतचे आखात फारसे दूर नाही. परंतु तापी, नर्मदा, मही आणि साबरमती या नद्यांनी आणलेल्या गाळामुळे आणि तो गाळ सतत ढवळून काढणाऱ्या प्रचंड भरती-ओहोटीमुळे ते पाणी इतके गढूळ असते, की प्रवाळांच्या आश्रयाने वाढणाऱ्या रंगीत माशांना तेथे ठाव मिळत नाही. म्हणून आरओ यंत्राच्या पाण्यात विकतचे सागरी मीठ विरघळवून कोसाडच्या एखाद्या मराठी बिऱ्हाडात काचेच्या टाकीत जो चिमुकला समुद्र उभा केला जातो, त्यातला रहिवासी शेजारच्या आखातातला नसतो. इंडोनेशिया, फिलिपाइन्स किंवा अशाच एखाद्या प्रवाळसागरातून निघून, अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून मुंबईस आणि तेथून प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन तो येथवर आलेला असतो. पहिल्या दिवसाचे कौतुक ओसरले, की मालकाची तक्रार सुरू होते: मासा काही खात नाही.

हा मामला हट्टाचा नव्हे. भय, बंदिवास आणि पाण्यातला फेरबदल यांमुळे माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि मेंदूतील ज्या संदेशांनी ही घालमेल सुरू होते, तेच संदेश भुकेलाही आवर घालतात. शिवाय समुद्रातल्या माशाच्या अंगातील पाणी सभोवतालच्या खारटपणाकडे अखंड ओढले जात असते. ती तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे बाहेर टाकतो. प्रवासात हा बंदोबस्त बिघडला, म्हणजे तो पूर्ववत करण्यातच त्याची शक्ती खर्च होते आणि अन्नाचा विचार मागे पडतो.

पिशवी उघडण्याच्या क्षणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, परंतु पुष्कळ उपासांचे मूळ तेथेच असते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लतेकडे झुकते आणि त्या आम्लतेमुळेच माशाने उत्सर्जित केलेला अमोनिया बव्हंशी अमोनियमच्या, म्हणजे पुष्कळच सौम्य, रूपात राहतो. पिशवी उघडून त्यात टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत बसले, की वायू निघून जातो, आम्लता घटते आणि तेच अमोनियम विषारी अमोनियात परत फिरते. दीर्घ प्रवास करून आलेल्या माशाला सावकाश सरावू द्यावे म्हणून ममतेने केलेली ही तजवीज त्याचे कल्ले जाळते. म्हणून पिशवी बंद ठेवूनच नव्या माशासाठी मांडलेल्या वेगळ्या टाकीच्या पाण्यावर तरंगवावी, तापमान जुळू द्यावे, त्या टाकीतील खारटपणा पिशवीतल्या पाण्याइतका अगोदरच करून ठेवावा आणि पिशवी उघडल्यावर विलंब न लावता मासा तेथे सोडावा. दिवा बंद ठेवावा, दडण्यास पाइपाचा एखादा तुकडा द्यावा आणि त्या दिवशी अन्नाचा आग्रह धरू नये.

यानंतरही मासा तोंड फिरवीत असेल, तर बहुधा आपण टाकलेला पदार्थ खाद्य आहे हेच त्याला उमगलेले नसते. प्रवाळातून पकडलेल्या माशाने दाणेदार कोरडे खाद्य जन्मात पाहिलेले नसते. कोसाडमधल्या एका परिचितांकडे लांब, चिमट्यासारख्या तोंडाचा कॉपरबँड बटरफ्लाय आला, तेव्हा पाण्यात तरंगणाऱ्या कोळंबीच्या तुकड्यांकडे तो ढुंकूनही पाहीना. निसर्गात हा मासा खडकांच्या फटींतून नळीत राहणारे कृमी आणि लहान समुद्रफुले टिपून खातो; त्यामुळे अन्न फटीतच असावयास हवे, हे ध्यानात घेऊन त्या गृहस्थांनी गोठवून ठेवलेल्या तिसऱ्यांतली एक अर्ध्या शिंपल्यासह खडकावर टेकवून ठेवली. मासा लांबून आला, अंग किंचित तिरके करून एका डोळ्याने शिंपल्याचा कानाकोपरा न्याहाळू लागला, मागे हटला, पुन्हा आला. आणि मग चोच मांसात खुपसून त्याने एक कण ओढला, थुंकला व पुन्हा उचलला. हे थुंकणे पाहून निराश होऊ नये, कारण मासा पदार्थ चाखून पाहू लागला याचीच ती खूण असते. पुढे त्याच शिंपल्यात मायसिस नावाच्या बारीक कोळंबीसदृश जीवांचे गोठवलेले मिश्रण भरावे आणि मांसाचा अंश हळूहळू कमी करीत न्यावा.

ज्यांना हालचालीवाचून भक्ष्य दिसतच नाही, अशा माशांसाठी आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला चिमुकला जीव उपयोगी पडतो. राजस्थानातील सांभर सरोवरात आणि तुतिकोरीनच्या मिठागरांत आढळणाऱ्या या जीवाची सुकी अंडी विकत मिळतात. उपड्या बाटलीत खारट पाणी घालून हवेचे बुडबुडे सोडले, की सुमारे 28 अंश सेल्सिअसला साधारण 24 तासांत त्यांतून नारिंगी पिल्ले बाहेर येतात. ती लगेच खाऊ घालावीत, कारण अंगातला पीतक संपताच त्यांचा कस वेगाने उतरतो. सर्जन माशाला मात्र यापेक्षा सुक्या समुद्रशेवाळाचा चिमट्याने लावलेला कागद अधिक रुचतो.

काळजीपोटी उरलेल्या खाद्यावर आणखी खाद्य टाकत राहणे हा सर्वांत घातक उपाय होय. न खाल्लेले अन्न कुजून अमोनिया होतो, अमोनियाने भूक आणखी मरते आणि ती मेलेली पाहून मालक आणखी खाद्य टाकतो. थोडे द्यावे, दिवसातून अनेकदा द्यावे आणि उरलेले नळीने लगेच काढून घ्यावे. धडधाकट मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. परंतु डोक्यामागची पाठ खोल गेली किंवा विष्ठा पांढऱ्या धाग्यासारखी दिसू लागली, तर पोटातील परजीवींची शंका घ्यावी.

काही माशांच्या बाबतीत मात्र कोणतीच युक्ती चालत नाही. केवळ जिवंत प्रवाळांवर जगणारे बटरफ्लाय मासे घरातल्या टाकीत सावकाश उपासमारीने मरतात, आणि ते विकणे व विकत घेणे या दोन्ही गोष्टी मला सर्वथा गैर वाटतात. बहुधा जिवंत भक्ष्यच मागणारा समुद्रघोडा तर 2001 मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली आला. तो घरी बाळगण्याची मुभा नाही. याउलट क्लाऊन माशाची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम येथे यशस्वी करून दाखविली, आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीसही कांदळवन प्रतिष्ठानाने अशा माशांचे उबवणी केंद्र काढले. टाकीतच जन्मलेली ही पिल्ले लहानपणापासून तयार खाद्यावर वाढतात, म्हणून नव्या घरीही लवकर खाऊ लागतात.

तेव्हा मासा पसंत पडला, तरी पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला आपल्या डोळ्यांदेखत त्याला खाऊ घालावयास सांगा. आणि तो तेथे खात नसेल, तर रंग कितीही मोहक असला तरी तो घरी आणू नका.