शेवटच्या कडव्यातली सही

पुण्याहून नगर रस्त्याने शिरूरकडे निघालो, की पेरणे फाट्यानंतर भीमेच्या अलीकडे जयस्तंभ लागतो. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा, म्हणजे शिरूर तालुका. एरवी इथून गाड्या न थांबता जातात. १ जानेवारीला मात्र लाखो माणसे येतात. पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते आणि थोड्याथोड्या अंतरावर कुणी ना कुणी शाहीर ढोलकीच्या साथीने उभा असतो. गाणे, कविता आणि चळवळ एकाच दिवशी एकाच मैदानात भेटावीत, असा मेळा विरळाच.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून इंग्रजांची एक पलटण निघाली आणि दुसऱ्या दिवशी इथे पेशव्यांच्या फौजेशी लढली. पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरली आहेत. त्यांत २२ महार शिपाई आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. पण दगडावरची अक्षरे वाचणार कोण? ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही कथा नेली ती जलशांनी.

जलसा म्हणजे तमाशाच्याच घरातला, पण वेगळ्या वळणाचा मुलगा. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ढोलकी तीच, पण गवळणींची थट्टा गेली आणि तिच्या जागी शाळा, दारूबंदी, माणुसकीचे हक्क आले.

दूर कॅलिफोर्नियात १९६५ साली द्राक्षमळ्यांतल्या मेक्सिकन मजुरांचा संप झाला, तेव्हा लुइस वाल्देझ यांनी मजुरांनाच नट केले आणि ट्रकच्या हौद्याचा रंगमंच केला. भाषा स्पॅनिश, वाद्य गिटार. पण आपल्या शाहिरांना ते बिऱ्हाड परके वाटले नसते.

दौंडच्या शाखेत मी काही वर्षे होतो. मनमाडकडचे आणि सोलापूरकडचे रूळ तिथे मिळतात, त्यामुळे वर्षअखेरीच्या रात्री फलाटावर कोरेगावला निघालेल्यांची गाणी ऐकू येत. एक वयस्क खातेदार पैसे काढायला यायचे. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना संकोचायचे. एका रात्री तेच फलाटावर गाताना दिसले. एकामागून एक गाणी, कागद नाही, अडखळणे नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव आले, की ते हात कपाळाला लावत. म्हणाले, "साहेब, ही त्याची सही. ती गाळून कसं चालेल?"

सही तपासण्यात माझी नोकरी गेली, पण सहीचा असा मान मी काउंटरवर पाहिला नव्हता. वामनदादा कर्डकांची आठवण झाली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा तरुणपणापर्यंत निरक्षर होते. मुंबईत कष्ट करताना अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गाणी लिहिली. शेवटी 'वामन' हे नाव गुंफायचे. २००४ साली ते गेले, गाणी राहिली.

२०१८ साली या परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. तरी पुढच्या वर्षी कडक बंदोबस्तात लाखो लोक पुन्हा आले, गाणी घेऊनच आले. ही गाणी भीतीने थांबणारी नाहीत. मला धास्ती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आता कर्ण्यांच्या भिंतींतून तीच गाणी कापून, जोडून वाजतात. ताल ठेवतात, धृपद ठेवतात, आणि वेळ वाचवायला शेवटचे कडवे टाकून देतात. म्हणजे नेमकी सही जाते. कवी निनावी होतो आणि गाणे विकणाऱ्याचे नाव मात्र वेष्टनावर मोठ्या अक्षरांत येते. ज्यांच्या पूर्वजांना नाव कोरले जाण्याचे इतके मोल, त्यांच्याच कवींची नावे अशी पुसली जावीत?

अनेक घरांत आजोबांच्या हातच्या गाण्यांच्या वह्या असतील. कडा कुरतडलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. घरातल्या मुलांकडून त्या स्वच्छ उतरवून घ्या, शेवटच्या कडव्यासकट.