सव्वाशे सीसीचा आनंद

नवी गाडी घेतली म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न "कोणती?" आणि दुसरा "केवढ्याला पडली?" मी "होंडा एसपी, सव्वाशे सीसी" असं सांगितलं की बहुतेकांचा चेहरा जरा पडतो. आयटीत नोकरी करणारा, चौतीस वर्षांचा, एका मुलीचा बाप असलेला माणूस गाडी घेणार म्हणजे कार बदलेल, फारच हौस असेल तर बुलेट घेईल, अशी सगळ्यांची अपेक्षा. ऑफिसातला एक मित्र तर अस्सल इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, थोड़े पैसे और मिला लेते तो बुलेट आ जाती!"

बुलेट मलाही आवडते. तरीही मी ठरवून छोटं इंजिन घेतलं. २०२५च्या दसऱ्याला घरी आलेल्या या गाडीच्या काट्यावर आज ३,८०० किलोमीटर झाले आहेत आणि अजूनही सकाळी किल्ली फिरवताना मजा येते. आपल्या समाजातली बरीच तरुण मंडळी पहिली किंवा दुसरी दुचाकी घ्यायच्या विचारात असतात. त्यांच्यासाठी हा अनुभव.

सव्वाशेच का?

आधी थोडे आकडे. एसपीचं इंजिन १२४ सीसीचं, ताकद साधारण ११ हॉर्सपॉवर, वजन ११६ किलो. रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घेतली तर इंजिन ३४९ सीसी, ताकद २० हॉर्सपॉवर आणि वजन १९५ किलो. म्हणजे ताकद जवळपास दुप्पट, पण वजनही ८० किलोंनी जास्त. गाडी पार्किंगमधून मागे ओढताना किंवा अरुंद गल्लीत वळवताना हे ८० किलो आपल्यालाच सांभाळावे लागतात. रात्री सराफ्यात खायला गेल्यावर दोन स्कूटरांच्या मधून गाडी काढून बघा, म्हणजे पटेल.

दुसरी गोष्ट गिअरची. शहरात मोठ्या इंजिनाला फारसं कामच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ते निवांत गुरगुरत राहतं. एसपीला पाच गिअर आहेत आणि पाचही वापरावे लागतात. विजयनगरहून पलासियाकडे येताना सिग्नल सुटला की पहिला, दुसरा, तिसरा. इंजिनाचा आवाज चढतो, क्लच दाबला की खाली येतो, पुन्हा चढतो. पाचवा पडतो तेव्हा वेग असतो ताशी पन्नासच्या आसपास. कोणाच्या अंगावर गाडी घालावी लागत नाही, नियम मोडावा लागत नाही, तरी गाडी मनसोक्त चालवल्याचं समाधान मिळतं. आमच्या कामात आज लिहिलेल्या कोडचा परिणाम दिसायला कधी आठवडा जातो, कधी तीन महिने. इथे मनगट जरासं फिरवलं की उत्तर लगेच मिळतं. कदाचित म्हणूनच ऑफिसातून घरी येण्याची ती पंचवीस मिनिटं मला हवीशी वाटायला लागली आहेत.

आईच्या तीन अटी

आमच्या घरात मोटरसायकल नवी नव्हती. अहमदनगरच्या फिरोदियांची ५० सीसीची लूना १९७२ साली आली, तशी काही वर्षांनी ती आमच्या आजोबांकडेही आली. पुढे बाबांनी हिरो होंडा सीडी १०० घेतली. १९८५ साली बाजारात आलेल्या या गाडीने आपल्या मध्यमवर्गाला कमी पेट्रोलमध्ये लांब जायची सवय लावली. टाकीवर मी, मध्ये ताई, मागे आई, अशी आमची वरात लग्नाकार्याला निघायची. हेल्मेट हा विषयच नव्हता.

२००८ साली माझ्या धाकट्या मामाचा अपघात झाला. वळणावर वाळू होती, गाडी घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. मामा वाचला, पण डोक्याला बारा टाके पडले आणि उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. महिन्याभरात बाबांची सीडी विकली गेली. मी तेव्हा अकरावीत होतो, दसरा मैदानावर नुकताच क्लच सोडायला शिकलो होतो. त्या दिवसापासून घरात मोटरसायकल हा शब्द कोणी काढला नाही. पुढे स्कूटर आली, कार आली, आईला दोन्ही चालल्या. दोन चाकंच असूनही स्कूटर का चालते, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही. ते तर्काने सुटणारं प्रकरण नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मी विषय काढला तेव्हा आई फक्त उठून स्वयंपाकघरात गेली. दोन महिने असेच गेले. शेवटी माझी बाजू घेतली ती मामानेच. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "ताई, घेऊ दे त्याला. गाडीने नाही पाडलं मला. जोरात होतो आणि टोपडं हँडलला होतं." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तीन अटी सांगितल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी हेल्मेट, मागे बसणाऱ्यालाही. अंधार पडायच्या आत घरी. आणि हौसेने फिरायला जाताना ट्रकांचा रस्ता धरायचा नाही.

या अटी मला जाचक वाटल्या नाहीत. वेग दीडपट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं, हे अकरावीच्या फिजिक्समधलं गणित आहे. ताशी ४० आणि ताशी ६० यांत तेवढा फरक पडतो. सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना आता कॉम्बी ब्रेक असतात, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण वाळूवर तोही चमत्कार करत नाही. हेल्मेट घेताना आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहिला, पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो का ते पाहिलं. चार वर्षांखालच्या मुलांना नेताना हेल्मेट, सेफ्टी हार्नेस आणि ताशी ४०ची मर्यादा असा आता नियमच आहे. आमची लेक पाच वर्षांची. तिच्या मापाचं हेल्मेट मिळेपर्यंत ती फक्त स्टँडवर उभ्या गाडीवर बसली.

शोरूममधला हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्याच दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ७० हजारांची गाडी असेल तर थेट सात हजार वाचले. साहजिकच दसऱ्याला शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती.

गर्दीतही दोन कामं शांतपणे करावीत. पहिलं म्हणजे ऑन-रोड किमतीची फोड लिहून मागायची: एक्स-शोरूम, रोड टॅक्स व रजिस्ट्रेशन, विमा, बाकीचं. माझ्या कागदावर 'हँडलिंग' नावाची एक रक्कम होती. "हे कशाचे?" एवढंच विचारलं, तर विक्रेत्याने हसून ती ओळ खोडली. दुसरं काम विम्याचं. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा असतो आणि तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर 'पाच वर्षं' पाहून निर्धास्त होऊ नये. सगळं मिळून मला गाडी लाखाच्या थोडी वर पडली.

मग आपला रिवाज. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, हँडलला आपट्याचं पान आणि खजराना गणपतीला पहिली फेरी. तिथे हार घातलेल्या गाड्यांची रांगच लागली होती. त्यात कोट्यवधींची कार होती, तशी ई-रिक्षाही होती. सगळ्यांचे चेहरे मात्र सारखेच खुललेले.

पहिले पाचशे किलोमीटर

नवी गाडी पळवायची नाही, हे बाबा सांगायचे. मॅन्युअलही तेच सांगतं. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा नाही, जोरात ब्रेक मारायचे नाहीत. कारण साधं आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून नीट बसत असतात, आणि त्यात निघालेला धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. म्हणून पहिली सर्व्हिस आणि पहिलं ऑइल लवकर बदलतात. एकाच वेगाने तासन् तास जाण्यापेक्षा वेग कमीजास्त करत चालवणं इंजिनाला मानवतं.

हे पाचशे किलोमीटर मला फार आवडले. हळू जायला मनाची तयारी असली की वेगळंच शहर दिसतं. नेहमीच्या रस्त्यावर पहाटे पोह्यांवर जिरावण पडतं तो वास हेल्मेटची काच वर केली की आत येतो. गाडी सुरू होताना आवाज जवळजवळ होतच नाही, त्यामुळे सकाळी सहाला निघालं तरी शेजारच्या काकांची झोप मोडत नाही. साडेपाचशेच्या पुढे गेल्यावर इंजिन मोकळं झाल्याचं हाताला जाणवलं.

जाम दरवाजा उतरताना

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी बायकोला घेऊन महेश्वरला गेलो. आमचे पणजोबा होळकरांच्या नोकरीत इंदूरला आले, त्यामुळे महेश्वर लहानपणापासून पाहिलेलं. पण कायम कारने, धामनोदच्या बाजूने. आईच्या अटीमुळे ट्रकांचा एबी रोड टाळला आणि महूवरून जामचा रस्ता धरला.

महूची छावणी मागे पडली की दोन्हीकडे माळव्याची काळी जमीन, त्यात नुकताच उगवलेला गहू. पुढे विंध्याच्या अगदी काठावर जाम दरवाजा उभा आहे, अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. दरवाजातून पाऊल पुढे टाकलं की पायाखाली एकदम निमाड पसरतो. घाट तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्याच अडवण्यावर सावकाश उतरलो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, नर्मदाकाठचं महेश्वर दीडशेच्या आसपास. कारच्या बंद काचेत हा फरक कधी कळला नव्हता. इथे वळणागणिक हवा उबदार होत गेली, आणि खाली पोचेपर्यंत बायकोने मागे बसल्याबसल्या जॅकेटची चेन उघडली. घोड्यावरून, बैलगाडीतून ये-जा करणाऱ्या आपल्या माणसांना माळवा संपून निमाड कुठे लागतो हे अंगावर कळत असणार. २०२५ हे अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. भाषणं बरीच ऐकली होती, पण त्यांनी ती जागा का निवडली असेल हे त्या काठावर उभं राहून जास्त कळलं.

परतीचा चढ ही सव्वाशेची परीक्षा. दोघांचं मिळून वजन एकशेचाळीस किलो. काही वळणांवर दुसरा गिअर लागला, वेग तीस-पस्तीसच्या वर जाईना. एका जीपने मागून हॉर्न दिला, आम्ही बाजू दिली. हायवेवर रोज लांब जायचं असेल, दोघांचं सामान असेल, तर ही गाडी घेऊ नका. ताशी ऐंशीच्या पुढे तिच्यात जीव उरत नाही आणि ट्रकच्या वाऱ्याने ती हलते. पण दिवसभरात एकशेनव्वद किलोमीटर झाले आणि पेट्रोल लागलं साडेतीनशे रुपयांचं.

मामाची फेरी

जानेवारीत मामा घरी आला आणि म्हणाला, "बसव मला." सतरा वर्षांत तो मोटरसायकलवर बसला नव्हता. उजवा पाय वाकत नसल्याने त्याला टांग टाकता येईना. गाडी हलकी, म्हणून मी ती ओट्याला अगदी चिकटवून धरली. मामा ओट्यावरून पाय पलीकडे सरकवत बसला. आईने स्वतः त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला. राजवाड्याला वळसा घालून आलो, ताशी तीसने. वाटेत तो काही बोलला नाही. फक्त सुरुवातीला खांद्यावर घट्ट रुतलेली बोटं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी सैल झाली. उतरल्यावर म्हणाला, "आवाज फार कमी आहे रे हिचा."

आई अजून गाडीवर बसलेली नाही, बसेल असंही वाटत नाही. मी निघालो की फाटकापर्यंत येते आणि पट्ट्याकडे बघते. ते मला चालतं.

ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी आधी मित्राची सव्वाशे एक दिवस मागून घ्यावी, घरच्यांना एकदा मागे बसवून आणावं आणि मगच शोरूमला जावं. हेल्मेटचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरावेत. आणि एका रविवारी सकाळी सहाला इंदूरहून निघावं. साडेसातपर्यंत जाम दरवाजा येतो. डबा मात्र घरून न्यावा.