सल्ला देशाचा, पाणी पुलाखालचं

अमेरिकेचं परराष्ट्र खातं प्रवासाच्या धोक्यानुसार जगातल्या देशांना एक ते चार अशा पायऱ्या लावतं. दुसरी पायरी म्हणजे ‘जास्त काळजी घ्या’. अलीकडच्या वर्षांत जर्मनी, फ्रान्स आणि आपला भारत या एकाच पायरीवर दिसले आहेत. दहशतवाद, गुन्हेगारी, आंदोलनं अशी कारणं त्यापुढे लिहिलेली असतात. पण हा आकडा पडतो अख्ख्या देशाला. पावसाळ्यात बदलापूरला निघालेल्या पाहुण्याला त्याचा उपयोग काय? त्याला कळायला हवी ती उल्हास नदीच्या पुलापाशी मोजलेली पातळी. १७.५० मीटर ही तिथली धोक्याची रेषा.

२६ जुलै २०१९ च्या संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली आणि रात्री बदलापूर-वांगणीच्या मधे, चामटोलीजवळ अडकली. उजाडलं तेव्हा डब्यांच्या दोन्ही बाजूंना गढूळ पाणीच पाणी. आत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी, त्यात नऊ गरोदर बायका. अशा वेळी माणसाला वाटतं, उतरावं आणि रस्ता गाठावा. मध्य रेल्वेने नेमकं उलट सांगितलं: उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे. रात्रभर उपाशी बसलेल्याला हे ऐकून संताप येणारच, पण सल्ला चोख होता. रूळ भरावावर असतात. भरावाच्या पायथ्याशी पाणी किती खोल आहे ते वरून दिसत नाही, रुळाखालची खडी कुठे वाहून गेली तेही कळत नाही, आणि गुडघाभर पाण्यालाही ओढ असली की धडधाकट माणसाचे पाय सुटतात. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, आजूबाजूचे गावकरीही मदतीला धावले. २७ तारखेच्या दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर पडले आणि कल्याणहून विशेष गाडीने कोल्हापूरकडे रवाना झाले.

गाडी नेमकी तिथेच का अडकली? बदलापूर सोडलं की कर्जतपर्यंत रूळ आणि उल्हास नदी एकाच खोऱ्यातून जातात. राजमाची-लोणावळ्याच्या घाटातलं, माथेरानच्या पूर्व उतारांवरचं पाणी याच नदीत उतरतं. घाटात रात्री कोसळलेला पाऊस खाली पोचायला वेळ घेतो. त्यामुळे बदलापुरात उघडीप पडलेली असतानाही नदी चढत राहते. नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही. तो वर आभाळाकडे बघून अंदाज बांधतो.

नदीच्या आकारावरूनही अंदाज चुकतो. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून जाणारी वालधुनी नदी एरवी नाल्यासारखी दिसते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासनगरकरांनी तिचं दुसरं रूप पाहिलं.

युरोपात हे घडत नाही असं कुणी समजू नये. १४ जुलै २०२१ च्या रात्री जर्मनीतल्या आर नदीने द्राक्षमळ्यांचं, पर्यटकांचं ते लाडकं खोरं धुऊन काढलं. एकट्या त्या खोऱ्यात १३० च्या वर माणसं गेली. आल्टेनार इथलं पातळी मोजणारं यंत्रच पुरात निकामी झालं. देशाची पायरी कुठलीही असो, नदीकाठच्या कॅम्पिंगच्या जागेवर झोपलेल्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता. त्यानंतर जर्मनीने मोबाइलवर थेट इशारा पाठवण्याची सोय केली. आपल्याकडेही २०२३ मध्ये त्याची चाचणी झाली. तेव्हा फोन एकदम कर्कश वाजल्यावर किती जण दचकले आणि किती जणांनी ‘ओके’ दाबून तो गप्प केला, ते आठवून पाहा!

आता कोंडेश्वर. बदलापूर पूर्वेकडचं हे देवस्थान, तिथला धबधबा आणि कुंडं पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या पोरांना खेचतात. बुडून मेल्याच्या बातम्या येतात, बंदीचे आदेश निघतात, तरी मोटारसायकली पोचतातच. स्वच्छ, फूटभर वाटणारं पाणी क्षणात गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या, की वर लोंढा सुटलेला असतो. तेव्हा कपडे, चपला, फोन सगळं तिथेच टाकून काठ चढायचा. पलीकडच्या काठावर अडकलात तर दोरी धरून परत यायचा हट्ट नको. उंचावर बसून राहायचं आणि ११२ लावायचा. हा नंबर जर्मनीत लागतो तसाच महाराष्ट्रातही लागतो. रेल्वेत असाल तर १३९.