काटा जागेवर हवा!

गुलमर्गला जाऊन आलेल्या अनेकांनी स्नोमोबाइल पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि कानठळ्या बसवणारं इंजिन. ही गाडी मूळची कॅनडाकडची. तिथल्या क्वेबेक प्रांतात १९३४च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिये या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. रस्ते बर्फानं बंद झाल्यामुळे त्याला दवाखान्यात नेता आलं नव्हतं. याच गृहस्थांची ‘स्की-डू’ १९५९ मध्ये बाजारात आली. तेव्हा बर्फात गाडी अडकणं ही तिकडे नुसती गैरसोय नसते.

या गाडीला गिअर नसतात. आपल्या गिअरविना स्कूटरसारख्याच दोन पुली आणि एक बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला, की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात. बेल्ट वर चढतो, गाडी पळू लागते. चढ लागला, की मागच्या पुलीची स्प्रिंग आणि तिरकी खाच बेल्टला पुन्हा जोराच्या जागी आणतात.

आता मुख्य गोष्ट. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ताकद जास्त, हा समज चुकीचा आहे. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला साधारण आठ हजार फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक ताकद देतं. नेमका आकडा कंपनी सांगते. त्याच्या पुढे ताकद झपाट्यानं घसरते. पूर्ण थ्रॉटलवर, गाडी हळू असो वा वेगात, काटा त्या आकड्यावर धरून ठेवणं हेच क्लचचं काम. आवाजावरून अंदाज बांधणारे इथेच फसतात.

पाहायचं कसं? इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप चांगले तापू द्या; थंड पाइपवरचं माप खरं नसतं. सपाट, दाबलेल्या बर्फावर थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा स्थिरावला, की वाचा. कमी दाखवत असेल तर वजनं जड आहेत, हलकी करा. जास्त दाखवत असेल तर वाढवा. ग्रॅमभराचा फरकही काट्यावर दिसतो, म्हणून एका वेळी एकच बदल. मात्र आधी बेल्ट बघा. झिजलेला बेल्ट तसाच ठेवून वजनं बदलणं म्हणजे काच पुसायची सोडून चष्म्याचा नंबर बदलणं! आणि हे सारं इंजिन बंद करून. क्लचवरचं झाकण काढून गाडी कधीही चालवू नये. त्या वेगात सुटलेला तुकडा गोळीसारखा येतो.

उंचीवर गणित बदलतं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन जवळजवळ पाव ताकद गमावतं. मैदानातली वजनं तिथे जड पडतात, काटा खाली येतो आणि मऊ बर्फात गाडी रुतते. म्हणून डोंगरात हलकी वजनं घालतात. खाली उतरल्यावर ती बदलायला विसरलात, तर काटा मर्यादेपलीकडे जाऊन इंजिनच बसायचं. जाणते चालक उंची, तापमान, वजन आणि काट्याचा आकडा वहीत टिपून ठेवतात. जादा बेल्ट तर गाडीत कायमच असतो.