कानातल्या बॅटरीचे आयुष्य

बिनतारी हेडफोन २.४ गिगाहर्ट्झच्या ब्लूटूथ लहरींवर ध्वनी ग्रहण करतो आणि त्यासाठी लागणारी वीज लिथियम-आयन बॅटरीतून घेतो. ही बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचे आयुष्य वर्षांपेक्षा आवर्तनांत मोजणे अधिक योग्य ठरते : पूर्ण क्षमतेइतकी वीज, एकदम असो वा तुकड्यातुकड्यांनी, वापरली गेली की एक आवर्तन होते, आणि साधारणतः ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्केच क्षमता उरते. कानात बसणाऱ्या इअरबडची बॅटरी बहुधा ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे मोबाइलच्या बॅटरीच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाची असल्याने ती काही तासांतच रिकामी होते, आवर्तने भराभर संपतात आणि ती मोठ्या हेडफोनच्या बॅटरीआधी थकते. त्यात उष्णतेची भर पडते. सातपुड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या बॅटरीची रासायनिक झीज वेगाने होते, म्हणून दीर्घकाळ न वापरायचे उपकरण निम्मे चार्ज करून सावलीत ठेवणे श्रेयस्कर. बॅटरी गोंदाने आत बंद करण्याची उत्पादकांची रीत मात्र समर्थनीय नाही, कारण इवल्याशा घटकापायी सुस्थितीतले उपकरण टाकून द्यावे लागते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.