आत्मनिवेदन व साक्ष : बारामती-इंदापूरकडील ख्रिस्ती कागद वाचण्याविषयीं

जुन्या कागदांच्या संग्राहकांकडून वतनपत्रें, महजर व हिशेब यांस मान मिळतो. ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, गायनसंग्रह व कीर्तनांचीं टिपणें मात्र ‘धर्मप्रचाराचे कागद’ म्हणून बाजूस पडतात. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांपुरता विचार केला तरी ही उपेक्षा बरी नव्हे. ख्रिस्ती लेखनांत दोन कल्पना वारंवार भेटतात : एक आत्मसमर्पण, दुसरी साक्ष. त्यांचा अर्थ न लावतां वाचलेला कागद न वाचल्यासारखाच होय.

आत्मसमर्पणाची कल्पना या भूमीस नवी नव्हती. नवविधा भक्तीची शेवटची पायरी आत्मनिवेदन हीच. मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिले. त्यांची पृथ्वी वृत्तांतील ‘केकावली’ म्हणजे शरणागताची आर्त विनवणी. तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस जातांना बारामती, निमगांव केतकी व इंदापूर याच वाटेनें जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीं ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचें ऑस्ट्रेलियन मिशन बारामतीकडे काम करूं लागलें, तेव्हां उपदेशकाचा शब्द अशा सरावलेल्या कानांवर पडला.

ही सांगड अन्यत्र आधींच पडली होती. फादर स्टीफन्स यांनीं आपलें ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) मराठी ओवींतच रचिलें. अहमदनगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेस चढविला. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें सांगत. बारामतीस लागून असलेल्या दौंड तालुक्यांत, केडगांवच्या मुक्तिसदनांत, पंडिता रमाबाईंनीं (१८५८-१९२२) मूळ भाषांवरून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर केलें; तें तेथील स्त्रियांच्या हातून छापलें जाऊन १९२४ सालीं पुरें झालें.

तथापि दोन्ही समर्पणें सर्वथा एक नव्हेत. ख्रिस्ती अर्थानें समर्पण बाप्तिस्म्यानें एकदां प्रगट होतें, पण तेथें संपत नाहीं. लूककृत शुभवर्तमानांत वधस्तंभ उचलण्याची आज्ञा नित्याची म्हणून सांगितली आहे. म्हणून नोंदवहींतील तारीख ही आरंभाची खूण होय. दुष्काळाच्या सालीं बाप्तिस्मे वाढलेले दिसले कीं कोणी म्हणतो, ‘हे धान्यासाठीं आले’; मिशनरी म्हणतो, ‘हे श्रद्धेनें आले.’ केवळ आंकड्यांवरून दोन्ही निवाडे कच्चेच. भाकरीची गरज व श्रद्धा एका माणसांत एकत्र नांदूं शकतात. खरा प्रश्न पाऊस पडल्यावरचा : तो मनुष्य पुढें कसा वागला?

येथें साक्ष हा दुसरा शब्द उपयोगीं पडतो. आपणांस तो महजरांतून परिचित आहे. गोतसभेचा निवाडा झाल्यावर पाटील-कुणबी नांगराची निशाणी काढी, आणि बलुतेदार आपापल्या धंद्याचें हत्यार रेखाटी. अक्षर न येणाऱ्याची साक्ष त्याच्या कामाच्या साधनानेंच उमटे. ख्रिस्ती साक्षही बहुतांशीं अशीच असते. व्यासपीठावरून बोलणारे थोडे. शेजाऱ्याच्या आजारांत रात्र जागणारा, वजनांत खोट न करणारा, शिवी ऐकून शिवी न देणारा, व कोणी कारण विचारल्यास दोन शब्दांत ख्रिस्ताचें नांव सांगणारा, असे पुष्कळ. समर्पणावांचून अशी साक्ष पोकळ ठरते, आणि साक्षीवांचून समर्पण घरांतच कोंडून राहतें.

अशा वागणुकीची नोंद मोठ्या अहवालांत क्वचितच सांपडते. ती असते घरगुती पत्रांत, बायबलाच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या तिथींत, कीर्तनकाराच्या वहींतील खाडाखोडींत. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकांतील तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं, तो ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांनीं, आणि त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळुरास सालढाणा यांनीं तो पुन्हा छापविला. छापील ग्रंथाची ही गत, तर गांवच्या वहीची काय असेल? संग्राहकांनीं बारामती-इंदापूरच्या ख्रिस्ती घरांतून असे कागद पाहावे, मालकाच्या संमतीनें नकल घ्यावी, आणि मूळ कागद त्याच्याच घरीं राहूं द्यावा. ज्यांच्या पूर्वजांस गांवच्या महजरावर कडेलाच जागा मिळाली, अशांपैकीं पुष्कळांची स्वतःच्या अक्षरांतील पहिली साक्ष कदाचित् याच कागदांवर असेल.