तेरचें कापड आणि शिवलेलें जहाज

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाहीं. तेरणेकांठच्या तेर गांवीं शीड पाहावयाचें तर तें चित्रांतच पाहावें लागेल. असें असूनही इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें जें सागरी वर्णन लिहून ठेविलें, त्यांत पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नांवाचें मोठें नगर सांगितलें आहे. तें तगर म्हणजेच तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. येथील साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलुखांतून भडोचच्या बंदरास नेत, आणि तेथें तो माल जहाजांवर चढे.

जहाजाचें सारें वर्ष वाऱ्याच्या हातीं असे. आषाढाच्या सुमारास मिसर सोडावें, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भाद्रपद-आश्विनांत आपला किनारा गांठावा आणि मार्गशीर्ष-पौषांत ईशान्येचा वारा सुटला म्हणजे माल घेऊन परतावें. वारा चुकला कीं वर्ष फुकट! घरीं वाट पाहणाऱ्यांचें काय होत असेल तें वाचकांनींच ताडावें.

या समुद्रांतील पुष्कळ जहाजें खिळ्यांनीं जोडलेलीं नसून काथ्याच्या दोरीनें शिवलेलीं असत. हें ऐकून आमच्या भगिनींस हंसूं येईल. पण फळ्यांच्या कडांना भोकें पाडून त्यांतून दोरी ओवावयाची, सांध्यांत काथ्या ठासावयाचा आणि वरून राळ व तेल यांचा लेप द्यावयाचा, अशी ही रीत आहे. असें जहाज वाळूवर आपटलें तरी थोडें लवतें व धक्का सोसतें. मात्र गोधडीप्रमाणेंच, टांका झिजला कीं पुन्हां घालावा लागतो.

इंग्रजांनीं आपलें 'कटी सार्क' हें १८६९ सालचें, चीनचा चहा व पुढें ऑस्ट्रेलियाची लोंकर वाहणारें जहाज १९५४ पासून ग्रीनिच येथें कोरड्या गोदींत जपलें आहे. २००७ सालच्या आगींतूनही तें वांचलें. आपणांपाशीं त्या प्राचीन जहाजांपैकीं एकही नाहीं. उरलें तें अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील भिंतीवर: तीन डोलकाठ्यांचें, आंत रांजण ठेवलेलें. त्या चित्रावरून गोव्यांत 'कौंडिण्य' हें जहाज बांधण्यांत आलें. नकाशा कोणाजवळच नव्हता. मद्रासच्या आय.आय.टी.नें पाण्यांतील चांचण्यांस साहाय्य केलें. पण फळ्या शिवल्या त्या बाबू शंकरन यांच्या हाताखालील केरळच्या कारागिरांनीं. २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें तें नौदलांत दाखल झालें. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालें आणि इंजिनावांचून, केवळ शिडांवर, जानेवारी २०२६ मध्यें मस्कतला पोंचलें.

लांकूड कुजून गेलें तरी टांका कोणाच्या तरी हातांत राहिला होता, म्हणून हें साधलें. आतां हें काम संपल्यावर तरण्या पोरांना या शिवणाची मजुरी कोण देणार, याची आम्हांस चिंता वाटते. तेरच्या लामतुरे संग्रहालयांत एक हस्तिदंती बाहुली आहे. इटलींत पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीशीं तिचें मोठें साम्य आहे. त्या बाहुलीशेजारीं या कारागिरांकडून हातभर फळ्या शिववून मांडाव्या. म्हणजे तुळजापुराहून वाट वांकडी करून येणाऱ्या मुलांना तेरचें कापड कशांतून गेलें हें बोट लावून पाहतां येईल.